उजेडाला हपापलेली फिल्म

मद्रास सैन्यातला लिनियस ट्राइप नावाचा इंग्रज अधिकारी १८५६च्या सुमारास बंगळुरूच्या छावणीत बसून सूर्याकडून काम करून घेत होता. आदल्या वर्षी ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर तो छायाचित्रकार म्हणून गेला होता आणि परतताना कागदी निगेटिव्हांचा मोठा गठ्ठा घेऊन आला होता. एकेक निगेटिव्ह साधारण दहा बाय चौदा इंचांची. चित्र मोठे करण्याची सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच. निगेटिव्ह जेवढी, छाप तेवढाच. संवेदनशील कागदावर ती दाबून बसवायची, चौकट उन्हात ठेवायची आणि छाप उमटेपर्यंत थांबायचे. ब्रह्मदेशाची एकशेवीस दृश्ये आणि त्यांचे कित्येक संच बंगळुरूत असे तयार झाले.

पुढे १८५८मध्ये याच ट्राइपने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याशी कोरलेल्या लेखांचे एकवीस छाप एकाला एक जोडून जवळजवळ एकोणीस फुटांची पट्टी केली. त्याच मंदिराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा भलाथोरला मराठी शिलालेखही आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ट्राइपची ही वाट तशी परकी नाही. त्याच्या चित्रांत देवळे, बुरूज, झाडे, तळी भरपूर सापडतात. माणसे मात्र शोधावी लागतात. एका चित्राला इतका वेळ लागे, की दगड तेवढे टिकत आणि माणूस हलून पुसट होई.

मोठ्या निगेटिव्हचे हे दुखणे आजही गेलेले नाही. फिल्म सुधारली, लेन्स सुधारल्या, तरी आठ बाय दहा इंचांच्या फिल्मवर माणसाचा चेहरा टिपायचा म्हटले की पहिला प्रश्न उजेडाचाच येतो. त्यावर विसाव्या शतकाने शोधलेले उत्तर म्हणजे स्टुडिओतला इलेक्ट्रॉनिक फ्लॅश, म्हणजेच स्ट्रोब. फिल्मकडे पुन्हा वळलेल्या हौशी लोकांमध्ये मोठी फिल्म आणि स्ट्रोब या जोडीविषयी कुतूहल आहे आणि गैरसमजही तेवढेच आहेत.

आधी कॅमेऱ्याची ओळख करून घेऊ. लार्ज फॉरमॅट म्हणजे चार बाय पाच इंच किंवा त्याहून मोठी, सुट्या पानांच्या रूपात मिळणारी फिल्म. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीशी तुलना केली तर चार बाय पाचच्या पानाचे क्षेत्रफळ तेरा-चौदा पट भरते आणि आठ बाय दहाचे पन्नास पटींच्या वर जाते. कॅमेऱ्याच्या पुढच्या पाटीवर लेन्स, मागच्या पाटीवर दुधी काच आणि दोहोंच्या मध्ये लोहाराच्या भात्यासारखे घड्यांचे बेलोज, एवढाच त्याचा संसार. दुधी काचेवर चित्र उलटे दिसते, तेही इतके मंद की डोक्यावरून काळे कापड घेतल्याशिवाय काही कळत नाही. फोकस झाला की शटर बंद करायचे, लेन्सचे छिद्र ठरलेल्या आकड्यावर आणायचे, फिल्मचा होल्डर मागे सरकवायचा, त्याची झडप काढायची आणि मग कळ दाबायची. एका होल्डरमध्ये दोनच पाने असतात. तिसरा फोटो हवा असेल तर होल्डर बदला.

एवढा खटाटोप कोणी का करावा? आठ बाय दहाच्या निगेटिव्हवरून काढलेल्या छापात त्वचेचा पोत, साडीच्या काठाचा धागा आणि डोळ्यात पडलेले खिडकीचे प्रतिबिंब ज्या शांतपणे दिसते, ते लहान फिल्मच्या ताणून मोठ्या केलेल्या छापात दिसत नाही. हा फरक भिंतीवर लावलेल्या चित्रासमोर उभे राहिल्यावर कळतो. मोबाइलच्या पडद्यावर तो समजावून सांगणे व्यर्थ आहे.

आता उजेडाचा हिशेब. बंगळुरूतल्या एखाद्या जुन्या बंगल्याची उत्तरेकडची मोठी खिडकी घ्या. तिथे बसलेल्या माणसाचा फोटो साध्या कॅमेऱ्यावर, आयएसओ ४०० धरून, एफ/२.८ आणि सेकंदाच्या साठाव्या भागात नीट येतो असे समजू. त्याच जागी आठ बाय दहाचा कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरची लेन्स लावा. या आकारात ती ‘साधी’ लेन्स समजली जाते. तिचे छिद्र एफ/५.६ला उघडे ठेवून डोके-खांदे चौकटीत भरून घेतले, तर रेखीव दिसणारा पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा मिळतो. पापणी स्पष्ट, नाकाचा शेंडा धूसर आणि कान तर गेलाच. एफ/३२पर्यंत छिद्र आवळले की हा पट्टा अकरा सेंटिमीटरांच्या आसपास जातो आणि चेहरा त्यात बसतो.

पण एफ/२.८पासून एफ/३२पर्यंत सात स्टॉप होतात. प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो, म्हणजे एकूण १२८ पट कमी. सेकंदाच्या साठाव्या भागाचे दोन सेकंद झाले. पुढे बेलोजचा कर आहे. जवळच्या माणसावर फोकस करायला लेन्स पुढे ओढावी लागते आणि लेन्स फिल्मपासून जितकी लांब, तितका उजेड विरळ पसरतो. डोके-खांद्यांच्या चित्राला आठ बाय दहावर हा तोटा सुमारे एक स्टॉपचा असतो. दोनाचे चार सेकंद झाले. शेवटी खुद्द फिल्मचा हट्ट. सेकंदाहून लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते, म्हणून वेळ वाढवून द्यावा लागतो. इल्फर्ड कंपनी आपल्या एचपी५ प्लस फिल्मसाठी जे सूत्र देते, त्यानुसार चार सेकंदांचे सहा होतात.

सहा सेकंद हसू चेहऱ्यावर धरून ठेवणे नटालाही जड जाते. पणजोबांच्या जुन्या फोटोत सगळे इतके गंभीर का दिसतात, याची जी अनेक कारणे सांगतात त्यांतले हे एक खणखणीत कारण आहे. एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंना उत्तरेकडे काचेचे छप्पर असे, बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी टेकू असे आणि हात खुर्चीवर किंवा पुस्तकावर ठेवलेला असे. यातले पुष्कळसे सजावटीसाठी नव्हतेच, माणूस हलू नये म्हणून होते.

बंगळुरूच्या रस्त्यांवर १९०५मध्ये शिवनसमुद्रच्या पाणविजेवर दिवे लागले, पण विजेचा दिवा आल्याने स्टुडिओची अडचण एकदम सुटली नाही. पुढे हजार-हजार वॅटचे दिवे आले. ते डोळ्यांवर येत, खोली तापवत, घामाने मेकअप उतरवत. मॅग्नेशियमची पूड पेटवून केलेला भडका धूर सोडे आणि कधीकधी आगही लावे. १९३०च्या आसपास काचेच्या गोळ्यात धातूचा वर्ख भरलेले फ्लॅश बल्ब बाजारात आले. ते सुरक्षित होते, पण एका फोटोला एक बल्ब खर्ची पडे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आणि १९४२पासून दिल्लीत काम करणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी चार बाय पाचचा स्पीड ग्राफिक आणि असे बल्ब घेऊन स्वातंत्र्याच्या काळातल्या घडामोडी टिपल्या. मोठा कॅमेरा खांद्यावर, बल्बांची पिशवी हाताशी आणि प्रत्येक पान मोजून वापरायचे, ही शिस्त त्यांच्या चित्रांत दिसते.

स्ट्रोबचे श्रेय अमेरिकेतल्या एमआयटीचे विद्युत अभियंते हॅरल्ड एजर्टन यांना जाते. फिरणाऱ्या यंत्रांचा अभ्यास करताना १९३१च्या सुमारास त्यांनी वायूने भरलेल्या नळीतून क्षणार्धात वीज सोडणारी यंत्रणा बसवली. हल्लीच्या स्टुडिओ फ्लॅशचे तत्त्व तेच आहे. कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि झेनॉन वायूच्या नळीतून ती एका फटक्यात मोकळी करायची. दुसऱ्या महायुद्धात याच तंत्राने विमानातून रात्रीचे फोटो काढले गेले. त्याच्या चाचणीसाठी एजर्टन यांनी १९४४मध्ये इंग्लंडमधले स्टोनहेंज मध्यरात्री आकाशातून उजळले होते.

मोठ्या फिल्मशी या दिव्याची गाठ पडल्यावर काय घडू शकते, याचा सर्वांत खट्याळ पुरावा १९४८चा आहे. छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांनी स्वतःच आराखडा केलेला चार बाय पाचचा दुहेरी लेन्सचा कॅमेरा रोखून धरला. चित्रकार साल्वादोर दाली यांनी उडी मारली, मदतनिसांनी तीन मांजरे आणि बादलीभर पाणी हवेत फेकले आणि हाल्समन यांच्या पत्नीने खुर्ची उचलून धरली. पान धुऊन पाहायचे, पसंत पडले नाही की पुन्हा सगळे फेकायचे, असे तासन् तास चालले. ‘दाली अ‍ॅटॉमिकस’ या चित्रात पाण्याचा फराटा हवेत गोठला आहे तो फ्लॅशमुळे. मांजरांचे मत कोणी विचारले नाही. ट्राइपच्या काळी माणूस हलला की चित्र बिघडे. इथे सगळेच हलते आहे आणि चित्र त्यामुळेच उभे आहे.

स्टुडिओ स्ट्रोबची ताकद वॅट-सेकंदांत मोजतात. हा आकडा दुप्पट झाला की एक स्टॉप मिळतो. इथेच नव्या माणसाची फसगत होते. डिजिटल कॅमेऱ्यासाठी घेतलेला ५०० वॅट-सेकंदांचा दिवा त्याला भरपूर वाटतो, कारण सॉफ्टबॉक्स लावून दीड मीटरवरून आयएसओ १००ला एफ/११ मिळतो आणि तेवढ्यात त्याचे काम भागते. आठ बाय दहाला मात्र एफ/३२ हवा, म्हणजे तीन स्टॉप जास्त, आणि बेलोजचा एक, असे चार. सोळा पट. ५०० गुणिले सोळा म्हणजे आठ हजार वॅट-सेकंद! व्यावसायिक स्टुडिओंत वीज साठवणारे, जमिनीवर ठेवलेले जड पॅक आणि त्यांना जाड केबलींनी जोडलेली दिव्यांची हेडे का असत, ते या गुणाकारावरून समजते.

सुटकेचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे जलद फिल्म. आयएसओ ४००ची फिल्म भरली की दोन स्टॉप वाचतात आणि आठ हजारांचे दोन हजार होतात. दुसरा म्हणजे कॅमेरा लहान करणे. चार बाय पाचवर तेच डोके-खांदे एफ/२२ला बऱ्यापैकी रेखीव येतात आणि बेलोजचा तोटा अर्ध्या स्टॉपवर येतो. मग आयएसओ ४०० फिल्मसाठी सुमारे सातशे वॅट-सेकंद पुरतात. एका मध्यम दिव्याचे हे काम आहे. आठ बाय दहाचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने हा हिशेब कागदावर मांडून मगच पैसे काढावेत.

निर्जीव वस्तूंसाठी तिसरा मार्ग आहे आणि तो स्वस्त आहे. खोलीत पूर्ण अंधार करायचा, शटर उघडे ठेवायचे आणि एकच दिवा पुन्हा पुन्हा उडवायचा. दोन पॉपना एक स्टॉप, चारांना दोन, आठांना तीन. बंगळुरूहून म्हैसूरच्या वाटेवर लागणाऱ्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी अशा कामाला फार चांगली. घट्ट रंग, गोल आकार आणि प्रत्येक गोलाईवर सॉफ्टबॉक्सचा चौकोन चमकतो, तो कुठे पडू द्यायचा हे ठरवण्यातच अर्धा दिवस जातो. मात्र फोकस करताना लागणारा पिवळा मॉडेलिंग लॅम्प पॉप सुरू करण्याआधी बंद करायचा. तो चालू राहिला तर शटर उघडे असलेल्या त्या मिनिटभरात त्याचा पिवळा उजेड फिल्मवर चढतो. लाकडी फळ्यांची जमीन असेल तर दोन पॉपच्या मध्ये कोणी चालू नये. आठ पॉपमध्ये खेळणे केसभर सरकले तरी कडा दुहेरी येतात.

जोडणीतही एक सुख आहे, जे ३५ मिलिमीटरवाल्यांना मिळत नाही. लार्ज फॉरमॅट लेन्समध्ये बहुधा लीफ शटर असते. त्याची पाती मध्यापासून उघडतात आणि फ्लॅश कोणत्याही वेगाला जुळतो. जुन्या शटरवर एक्स आणि एम अशा दोन खुणा असतात. एम ही बल्बच्या काळातली खूण आहे. बल्ब पूर्ण तेजाने पेटायला सुमारे वीस मिलिसेकंद लागत, म्हणून शटर मुद्दाम तेवढे थांबून उघडे. स्ट्रोब लावून खटका चुकून एमवर राहिला, तर दिवा उडून विझतो आणि मग शटर उघडते. फिल्म कोरी. दिवा तर डोळ्यांसमोर लखलखलेला असतो, त्यामुळे चूक कुठे झाली हे फिल्म धुतल्यावरही पटकन ध्यानात येत नाही. ज्या जुन्या पितळी लेन्सला शटरच नाही तिच्यासाठी उपाय आणखी सोपा. अंधारात लेन्सचे झाकण काढायचे, फ्लॅश उडवायचा, झाकण लावायचे.

स्ट्रोबने वेळेचा प्रश्न सोडवला, जागेचा नाही. फोकस केल्यानंतर होल्डर घालून झडप काढेपर्यंत वीस-तीस सेकंद जातात आणि त्या वेळात छायाचित्रकाराला काचेवर काहीच दिसत नसते. समोरचा माणूस तेवढ्यात चार सेंटिमीटर पुढे झुकला, तर फ्लॅश त्याचा धूसर चेहरा अगदी लख्ख गोठवतो. म्हणून जुने लोक कॅमेऱ्याला दोरा बांधून त्याचे टोक बसणाऱ्याच्या हनुवटीशी धरत आणि फोटोच्या आधी अंतर पुन्हा तपासत. काही जण माणसाला भिंतीला किंवा खुर्चीला पाठ टेकवून बसवतात. मानेमागचा तो लोखंडी टेकू गेला खरा, पण त्याची आठवण पुरती गेली नाही.

पूर्वी उजेड नीट पडला की नाही याची धाकधूक पोलरॉइडने कमी केली होती. फिल्मच्या जागी पोलरॉइडचा होल्डर लावायचा, एक चित्र काढायचे, मिनिटभरात सावल्या कुठे पडल्या ते बघायचे. टाइप ५५ हा प्रकार तर छापाबरोबर वापरण्याजोगी निगेटिव्हही देई. पोलरॉइडने २००८मध्ये झटपट फिल्मचे उत्पादन थांबवले आणि फुजीची एफपी-१००सी फिल्मही २०१६मध्ये बंद झाली. आता ते काम फ्लॅश मीटर आणि एखादा डिजिटल कॅमेरा करतात. डिजिटल कॅमेरा सावल्यांची दिशा दाखवतो, दिव्यांचे आपसातले प्रमाण दाखवतो. बेलोजचा तोटा त्याला ठाऊक नसतो, तो आपणच जमेला धरायचा.

पोलरॉइड आणि स्ट्रोब यांच्या संगतीचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या केंब्रिज गावचे. एल्सा डॉर्फमन यांनी १९८०च्या दशकापासून कित्येक वर्षे वीस बाय चोवीस इंचांच्या प्रचंड पोलरॉइड कॅमेऱ्यावर सामान्य कुटुंबांची चित्रे काढली. दोन चित्रे काढायची, गिऱ्हाईक त्यातले एक निवडून नेई आणि नाकारलेले एल्साबाई ठेवून घेत. एरल मॉरिस यांनी त्यांच्यावर २०१६मध्ये केलेल्या माहितीपटाचे ‘द बी-साइड’ हे नाव त्यावरूनच आले. या चित्रांतले लोक हसतात, लहान मुले आईच्या कडेवरून निसटू पाहतात, कुत्री जांभया देतात. एवढ्या मोठ्या पानावर हे टिपता आले, कारण उजेड क्षणभराचाच होता.

प्रत्येक वेळी स्ट्रोब हवाच असेही नाही. न्यूयॉर्कच्या फॅशनच्या दुनियेत स्टुडिओ फ्लॅशवर हुकूमत गाजवलेले रिचर्ड अ‍ॅव्हेडॉन १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणकामगार, गुराखी, वेटर यांची चित्रे काढत फिरले, तेव्हा त्यांनी आठ बाय दहाच्या कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद लावला आणि सावलीतल्या नैसर्गिक उजेडावर काम केले. सुमारे सतरा हजार पाने खर्ची पडली. दिव्यांचे सामान त्यांच्याकडे नव्हते असे कोण म्हणेल? त्यांना दिव्याची खूण चेहऱ्यावर नको होती.

दिव्याची खूण हा प्रकार बंगळुरूच्याच एका कलावतीच्या कामात नीट पाहायला मिळतो. पुष्पमाला एन. या मूळच्या शिल्पकार, बडोद्याला शिकलेल्या. नव्वदच्या दशकापासून त्या स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून जुन्या प्रतिमा पुन्हा घडवतात. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह त्यांनी २००० ते २००४ या काळात ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. बंगळुरूच्याच इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सने तिला अनुदान दिले होते. राजा रविवर्म्यांची लक्ष्मी, चांदण्यातली स्त्री, वसाहतकालीन मानववंशशास्त्रज्ञांनी चौकटींच्या पडद्यासमोर उभी करून मोजलेली आदिवासी बाई, पोलिसांच्या दप्तरातला फोटो, अशा प्रतिमा त्यांनी नेपथ्य, वेश आणि प्रकाशासह उभ्या केल्या.

याच सुमारास त्यांनी मुंबईत दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओचे जे. एच. ठक्कर यांच्याबरोबर ‘नवरस’ मालिका केली. पन्नासच्या दशकातल्या हिंदी सिनेतारकांची तीव्र छायाप्रकाशातली चित्रे काढणारे हे ठक्कर. उतारवयातल्या या कसलेल्या माणसाने पुष्पमालांच्या चेहऱ्यावर शृंगारापासून बीभत्सापर्यंत नऊ रस आपल्या जुन्या पद्धतीने उजळले. ही दोन कामे शेजारी ठेवून पाहावीत. मोजमापाच्या फोटोत सगळीकडे सारखा, कोरडा उजेड आहे, जणू माणूस म्हणजे नमुना. नवरसात गालावर एक धारदार झोत, मागे काळोख, आणि बाई एकदम नायिका. चेहरा तोच आहे. दिवा कुठे ठेवला एवढ्यानेच तिचा दर्जा बदलला. स्ट्रोबच्या पुस्तकांत की लाइट, फिल लाइट यांची कोष्टके असतात. त्यांच्यापेक्षा ही चित्रे जास्त शिकवतात.

कस्तुरबा रोडवर २०२३च्या फेब्रुवारीत म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी लोकांसाठी खुले झाले. एकोणिसाव्या शतकापासूनची छायाचित्रे संग्रहात असलेली अशी जागा बंगळुरूत असणे ही या छंदाच्या माणसांसाठी मोठी गोष्ट आहे. मूळ छाप जवळून पाहण्याची सवय नसेल, तर मोठ्या निगेटिव्हवर खर्च केलेला पैसा कुठे गेला तेच कळत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे. इल्फर्डची काळी-पांढरी पाने पंचवीसच्या खोक्यात येतात, कोडॅकची रंगीत पाने दहाच्या. उटीजवळच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ छाप फिल्मचा कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली, त्यामुळे सगळे पान-न्-पान परदेशी. म्हणून आठ बाय दहावाले एक भन्नाट पळवाट काढतात. वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळणारी एक्स-रे फिल्म! तीही आठ बाय दहा आकारात मिळते आणि छायाचित्रणाच्या फिल्मपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. तिला निळा आणि हिरवा उजेड कळतो, तांबडा कळत नाही, त्यामुळे लाल दिव्याखाली ती डोळ्यांनी बघत धुता येते. जुन्या पिवळट हॅलोजन दिव्यांत तांबडा भाग जास्त असल्याने ही फिल्म तिथे मंदावते. स्ट्रोबचा उजेड मात्र दिवसाच्या उजेडासारखा, निळा-हिरवा भाग पुरेपूर असलेला, म्हणून दोघांचे छान जमते. ओठ काळसर येतात, चेहऱ्यावरचे डाग उठून दिसतात, चित्राला शंभर वर्षांपूर्वीचा रंग चढतो. बऱ्याच एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन असते. ट्रेच्या तळाला ती घासली की ओरखडे उठतात, म्हणून तळाशी काच ठेवतात.

डिजिटलच्या लाटेत व्यावसायिकांनी विकून टाकलेले मोठे पॅकही आता जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. लार्ज फॉरमॅटवाल्याला नेमकी हीच ताकद हवी असते, त्यामुळे सौदा आकर्षक असतो. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. बरीच वर्षे बंद पडलेल्या पॅकचे कपॅसिटर एकदम पूर्ण ताकदीवर चार्ज केले तर फुटू शकतात. आधी सर्वांत कमी पातळीवर काही तास चालू ठेवून त्यांना हळूहळू जागे करावे लागते. काही जुन्या पॅकच्या सिंकच्या तारेत दोनशे व्होल्टांपर्यंतचा दाब असतो. तो नव्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याला मारक ठरतो आणि बोटालाही झटका देतो, म्हणून मध्ये रेडिओ ट्रिगर ठेवणे शहाणपणाचे. तिसरे घराच्या वायरिंगचे. मोठा पॅक चार्ज होताना एकदम करंट ओढतो. त्याला पंधरा अँपिअरचे सॉकेट द्यावे, घरगुती इन्व्हर्टरवर तो लावू नये.

सिंकच्या तारेचा तुटलेला जॅक बंगळुरूच्या एसपी रोडवर कोणीही झाळून देईल आणि तारा, कनेक्टर यांची दुरुस्ती घरी केली तरी चालेल. पॅकचे झाकण मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज कितीतरी वेळ शिल्लक असते. ते काम फ्लॅश दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचे आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने चार बाय पाचचा कॅमेरा, आयएसओ ४००ची फिल्म, एकच सॉफ्टबॉक्स आणि चांगला फ्लॅश मीटर घ्यावा. दुसऱ्या दिव्याची खरेदी फिल्मचे पहिले खोके संपेपर्यंत पुढे ढकलावी. आणि पहिले पान घरातल्या सर्वांत बडबड्या माणसावर खर्च करावे, कारण स्ट्रोब असताना त्याला गप्प बसवायची गरज नसते.